उंबरठ्याखालच्या गाठी

११ जानेवारी १९५५, आलापल्ली

पोचलो एकदाचे. साग भरायले येनारी रिकामी लारी भेटली, तिच्यातच मी अन् माझी पोरगी मनकर्णा बसलो. वैनगंगा उतरल्यावर रस्ता असा का दातावर दात वाजते. डायवर गमत्या होता. म्हने, शकुबाई, रिकामी लारी लय उसळते, आज तुमी मंधात बसल्या म्हून चाकं जमिनीवर टिकले. मी म्हनलं, मंग मले रोज बसवत जा अन् तू मागून धावत ये. मनी खदखदून हासली. लय दिवसायनं हासली पोट्टी.

इथी आलो ते मनीच्या गळ्यासाठी. लगन झालं तवा सुपारीएवढी गाठ होती. मंग वाढत वाढत लोट्याएवढा घेंगा झाला. जवाई आमचा मोठा राजबिंडा लागून गेला! गाडीत घालून आनून सोडली माहेरी. म्हने, गळ्यात गाडगं बांधलेली बाई माह्या घरात नको, गळा सपाट करून पाठवा. इथला डाक्तर घेंगा कापून काढते, तेही फुकट. फक्त मी त्याच्या दवाखान्यात आयाचं काम करायचं. आमच्या सावली गावात मी दाईपन करते, बाईमानसाच्या अंगाची मले किळस नाई अन् भेवही नाई. मनीचा गळा सपाट झाला का तिले सासरी पोचवते अन् जवायाले म्हनते, पाय आता, कुठी हाये तुयं गाडगं?

दवाखाना म्हनजे लाकडाच्या ठेकेदाराचा जुना बंगला, गावाच्या बाहेर, जंगलाले लागून. कौलं चांगले हायेत, विहीर जवळ हाये. भुई मातीची, रोज सारवा लागन. आमाले मागची खोली देल्ली. मास्तरीनबाईनं चौथीपर्यंत शिकवलं म्हून मले लिवता येते. मनीचं कसं कसं झालं ते घरी सांगायले बरं, म्हून हे लिवून ठेवते. बाकी मले नखरे जमत नाई.

१५ जानेवारी

काल तिळगूळ केला. कंपाउंडर लटारूनं पाच लाडू खाल्ले अन् म्हने, बाई, गोड बोला म्हनता, पन तुमचं बोलनं तर सुईसारखं टोचते. मी म्हनलं, तू कंपाउंडर हायेस, तुले सुईची सवय पायजे.

डाक्तर सायब नागपूरकडचा. धोतर नाई, पाटलून घालते. लय हळू बोलते, अंगाले अत्तराचा वास येते. त्याच्या खोलीत फळीवर काचेच्या बरन्या हायेत. बरनीत स्पिरीट अन् स्पिरीटमंधी गाठी. कोनती आवळ्याएवढी, कोनती सीताफळाएवढी. दसऱ्यापासून कापलेल्या बायायच्या हायेत. मी फळी पुसून राह्यली तवा त्यानं समजावून सांगितलं. ही गळ्यातली गाठ रिकामी नसते म्हने. तिच्यातून रस झिरपते तो थेट रक्तात जाते, नळी नाई, नाला नाई. त्याले हारमोन म्हनते. अंग गरम कोन ठेवते, डोकं कोन चालवते, पाळी कोन आनते, तर हेच रस. अशा आनखी गाठी हायेत, गुर्द्यावर, पोटात, अन् सगळ्यायची मालकीन मेंदूखाली वाटान्याएवढी बसून राह्यते. मी म्हनलं, म्हनजे सासू. सासू केवढीशी का असंना, हुकूम तिचाच. तो हासला. म्हने, इकडच्या पान्यात आयोडीन नाई, म्हून गाठ बिचारी रस काढाले धडपडते अन् फुगते.

मानूस हुशार दिसते. मी इचारलं, या बरन्यायवाल्या बाया कशा हायेत आता. म्हने, गावी गेल्या, बऱ्या झाल्या. लटारू तवा पट्ट्या गुंडाळत होता, त्यानं मान वर केली नाई.

१९ जानेवारी

आज मंगलीचं कापलं. मंगली म्हनजे इसरूची बायको. दोघं जंगलातल्या पाड्यावरचे, गोंड. इसरू इथी पानी भरते, लाकडं फोडते, त्याच्या बदल्यात तिचं फुकट. मराठी तिले थोडीच येते, पन थट्टा कराले भाषा लागत नाई. इसरू विहिरीवर घागर घेऊन घसरला तवा तिनं हुबेहूब नक्कल केली, मनी हासून हासून लोळली. दोघीयचं चांगलं जमलं. एकमेकीच्या गळ्याले गळा लावून पाह्यते, कोनाचा मोठा. मनीचा मोठा, असं मंगलीच म्हने.

कापताना मी हात धरून उभी होती. भूल देल्यावर मंगली लेकरासारखी झोपली. डाक्तरचा हात साफ हाये, खोटं काऊन बोलू. पन लटारू हळूच म्हने, सायेब, मागची कड थोडी ठेवा. डाक्तर त्याच्यावर असा खेकसला का चिमटा पडला हातातला. म्हने, अर्धी गाठ घेऊन मी पुस्तकात काय छापू? अक्खी पायजे.

अक्खीच काढली. बरनीत टाकली तवा ती गोल फिरली अन् थांबली.

२३ जानेवारी

मंगली गेली.

दुसऱ्याच दिवशी म्हने, ओठायवर मुंग्या. मंग बोटायले मुंग्या. मंग हात वळले. कसे वळले ते मीच सांगू शकते, कारन तो हात मी जन्मभर पाह्यला, तो माझाच हात हाये. बाळ आडवं असलं का दाई पाची बोटं जुळवते, अंगठा आत घालते, मनगट वाकवते अन् हात आत सोडते. मंगलीचे दोन्ही हात तसेच झाले. उघडता उघडेना. मी तेल लावलं, शेकलं, बोटं एक एक करून सरळ केले, सोडले का पुन्हा जुळले. मंग घसा आवळला. श्वास घेताना शिटी वाजे, आगगाडी लांबून येते तशी. डाक्तर म्हने, बाया घाबरल्या का असं नाटक करते.

नाटक करनारी बाई निळी पडत नाई.

इसरू रडला नाई. डाक्तरपुढं उभा राह्यला अन् म्हने, तिच्या गळ्यातलं जे काढलं ते दे, संग नेतो. आमच्यात मानूस अक्खा मातीत जाते. डाक्तर म्हने, ते आता शास्त्राचं झालं. त्याले जुना सदरा देल्ला. इसरूनं सदरा घेतला नाई, तिले खाटेवर घालून चौघं घेऊन गेले.

माझ्या धंद्यातही हेच हाये. बाळ झालं का त्याच्या मागून पडते ती वार त्याच घरच्या मातीत पुरते, मीठ-हळद घालून, मी माझ्या हातानं पुरते. आमच्या बाया म्हनते, जिथी वार तिथी जीव. परक्याच्या उंबरठ्याखाली पुरली का तो जीव त्या घरचा होऊन बसते, मेला तरी निघत नाई. मी असल्या गोष्टीले जास्त धरत नाई. पन मागनाऱ्याले नाई म्हनू नये.

२९ जानेवारी

मनीले म्हनलं, चाल घरी. तर मलेच बोलली. म्हने, माय, तू दुनियेच्या बाया सोडवल्या, माझी सोडवनूक तुले पाहवत नाई का? मंगली अंगानं कमजोर होती, डाक्तर सांगते. मले माझ्या घरी जायचं हाये, तुझ्या चुलीपाशी मरायचं नाई.

डाक्तरले मी तोंडावर इचारलं. त्यानं माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हने, हिची कड ठेवतो, शब्द देल्ला.

३ फेब्रुवारी

झालं. गळा सपाट हाये, कोयत्यानं ऊस छाटल्यासारखा. मनीनं आरसा मागितला. बोलाले मना हाये, म्हून बोटानंच गळ्यावर पोत काढून दाखवली. काळी पोत आता गळ्यात नीट बसन, असं म्हनत होती.

५ फेब्रुवारी

ओठायवर मुंग्या.

६ फेब्रुवारी

आज जे पाह्यलं ते लिवतेच.

मनीचे हात वळले. मी बाहेरून पानी घेऊन आली तर डाक्तर तिच्याजवळ खुर्ची टाकून बसला होता, एका हातात घड्याळ. मनीच्या दंडाले पट्टा बांधून आवळून राह्यला होता अन् पंजा कसा जुळते, किती वेळात जुळते, ते पाहून राह्यला होता. मनीच्या डोळ्यातून पानी वाहे. तो पट्टा सैल करे, हात उघडे, पुन्हा आवळे. पुस्तकात लिवासाठी. मी पट्टा हिसकला. म्हनलं, औषध दे. तो म्हने, बाई, हे घाबरल्याचं हाये, उतरन आपोआप. अन् घड्याळ खिशात घालून जेवाले गेला.

लटारू मंग कोपऱ्यात मले सांगाले बसला. म्हने, शकुबाई, गाठीच्या मागं तांदळाच्या दान्याएवढ्या चार बारीक गाठी असते, त्या रक्तातला चुना सांभाळते. त्या गेल्या का हात वळते, घसा आवळते. डाक्तरले सगळं ठाऊक हाये. औषध हाये, क्यालशमच्या काचेच्या कुप्या, कपाटात, किल्ली त्याच्या कमरेले. पन औषध देल्लं तर पुढं काय होते ते त्याले पाह्यता येत नाई. मी इचारलं, त्या बरन्यायवाल्या बाया? म्हने, गावी गेल्या. गावी जाऊन मेल्या, एकही नाई वाचली.

कड ठेवतो म्हनला होता. डोक्यावर हात ठेवून म्हनला होता.

लटारूजवळ खिशात लपवलेली एक कुपी होती. त्यानं ती मनीच्या शिरंत हळू हळू सोडली. अन् पोरीचे बोटं उघडले, फुलासारखे. मी लटारूच्या पाया पडली. मंग चुलीपुढं बसली अन् ठरवलं, का हा मानूस याच घरात, असाच, माझ्या डोळ्यापुढं जाईन.

८ फेब्रुवारी

डाक्तर दुपारी साहेबलोकायच्या शिकारीचं जेवन कराले गेला. मी सब्बल घेतली. त्याच्या खोलीच्या उंबरठ्याच्या आतल्या अंगानं हातभर खड्डा केला अन् फळीवरच्या बरन्या एक एक रिकाम्या केल्या. वार पुरताना घालते तसं मीठ, हळद. सगळ्यायले म्हनलं, पोरीयो, हे घर आजपासून तुमचं. हा तुमचा बाप. याले सोडू नका.

बाजूले चपट्या तबकड्यायमंधी पातळ पातळ कापं होते, कशाचे कोनाले ठाऊक, तेही ओतले. सगळ्यात मोठी बरनी तेवढी ठेवून घेतली. ती मनीची. ती सावलीले नेऊन माझ्या आंगनात पुरीन, मनी माझ्या घरची राह्यली पायजे. रिकाम्या बरन्यायमंधी, तबकड्यायमंधी अन् मोठीच्या जागी मांडलेल्या दुसऱ्या बरनीत बोकडाच्या मासाचे तुकडे सोडले, स्पिरीटमंधी सगळं सारखंच दिसते. वरून शेनानं सारवलं.

इसरू दारात उभा होता, केव्हाचा कोनाले ठाऊक. म्हने, बाई, मंगलीचं मले दे. मी म्हनलं, आता त्यात कोनाचं कोनतं ते वळखू येत नाई, राहू दे संगं, सगळ्या मिळून वसूल करन. तो म्हने, ज्यायचा त्यायच्या गावी जाऊ दे. इथी बांधल्या तर त्या कोनाच्याच नाई राह्यनार, तुझ्याही नाई. मी म्हनलं, तुझ्या बायकोले मारलं त्यानं, तुले काहीच नाई वाटत? तो म्हने, वाटते. पन मले ती घरी पायजे.

त्यानं घागर उचलली अन् गेला. मले राग आला त्याचा.

१२ फेब्रुवारी

भर दुपारी डाक्तरच्या खोलीच्या उंबरठ्यावर एक बाई बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मले वाटलं नवी रोगी. म्हनलं, सरक बाई, सारवाचं हाये. ती सरकली. मी वाकून हात फिरवला तर बसल्या जागची भुई बरफासारखी थंड अन् स्पिरीटचा वास. वर पाह्यलं, कोनी नाई. आंगनातही नाई.

मी सारवनं पुरं केलं. भ्याची काय गोष्ट हाये. मीच बोलावलं.

डाक्तर आता उंबरठ्यावरून जाताना पाय लय उंच उचलते. त्याचं त्याले समजत नाई काऊन.

१४ फेब्रुवारी

सकाळी दाढी करताना डाक्तर ओरडला. म्हने, कोनी गळ्याले हात लावला? मी पानी घेऊन उभी होती. त्याच्या गळ्यावर लाल रेघ होती, दोऱ्यासारखी, या कानाखालून त्या कानाखाली. लटारूले म्हने, वस्तरा लागला. वस्तरा पेटीतच होता.

मनीले पुन्हा मुंग्या. कुपी नाई.

दुपारी डाक्तर जेवता जेवता ओठ चोळून राह्यला. मी वाढत होती. इचारलं, काय झालं सायेब? म्हने, काही नाई, मुंग्या आल्यासारखं वाटते.

मी त्याले आनखी भात वाढला.

१५ फेब्रुवारी

सकाळी लटारू बजारात गेला अन् डाक्तरनं मले हाक मारली. हाक नाई, शिटीच. पलंगावर पडला होता. दोन्ही हात छातीवर, पाची बोटं जुळलेले, अंगठा आत. पलंगाभोवती बाया बसल्या होत्या. बाळंतिनीभोवती बसते तशा, गप. कोनाचंही तोंड मले दिसलं नाई, फक्त गळे. सपाट गळे, टाके घातलेले.

त्यानं डोळ्यानं कपाट दाखवलं. मंग कमर दाखवली. हात वळलेले, किल्ली काढता येत नव्हती बिचाऱ्याले.

मी किल्ली काढली. कपाट उघडलं. कुप्या चमकून राह्यल्या होत्या. त्या पदरात घेतल्या. लटारूनं सुई कशी द्याची ते दाखवलं होतं. मी मनीच्या खोलीत गेली, तिले सुई देल्ली, तिचा हात उघडेपर्यंत चोळत बसली. मंग परत आली. त्याचीच खुर्ची टाकली. त्याचंच घड्याळ हातात घेतलं अन् त्याले म्हनलं, सायेब, हे घाबरल्याचं हाये. उतरन आपोआप.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं ते मी मरेपर्यंत इसरनार नाई. अन् मले ते इसराचंही नाई. लय गोड वाटलं, खोटं काऊन बोलू.

मेला तवा एकीनं त्याचे डोळे मिटवले. मी नाई.

१८ फेब्रुवारी

सरकारी मानूस येऊन पाहून गेला, म्हने फिट आली. मढं नेलं. आता आमी जातो सावलीले. मनी बरी हाये, हात उघडे हायेत, पन अंग थंड पडून राह्यलं. चुलीपुढं बसवली तरी थंड. बोलते तर आवाज जाड, एक एक शब्द ओढून काढते. लटारू म्हने, गाठच नाई तर ऊब कुठून येईन, त्याच्याही गोळ्या भेटते चांद्याले. मी नेते तिले चांद्याले. सगळं होते, घाबरायचं काय.

बाया अजून हायेत. मी म्हनलं, झालं ना तुमचं काम, जा आता. कोनी उठलं नाई.

१९ फेब्रुवारी

गाडी आनली. मनी बंगल्याच्या बाहेरच्या उंबरठ्यापर्यंत आली अन् पाय उचलेना. मी ओढलं, लटारूनं ओढलं. ती ओरडली, गळा धरला, निळी झाली. आत नेली का बरी. बाहेर काढली का श्वास बंद. पुन्हा आत.

माझ्या डोक्यात काय आलं तर पेटीतली मोठी बरनी काढली. म्हनलं, मनीची गाठ तिच्याजवळ असली तर येईन. लटारूनं बरनी घेऊन उजेडाकडं धरली. म्हने, शकुबाई, हे मंगलीचं हाये. तुमच्या पोरीची गाठ डाक्तरनं कापं करून तबकड्यायमंधी ठेवली होती.

चपट्या तबकड्या.

मीच ओतल्या. मीच मीठ घातलं. मीच म्हनलं, हे घर आजपासून तुमचं.

२० फेब्रुवारी

इसरूले बरनी देल्ली. त्यानं ती कपाळाले लावली अन् पाड्याकडं चालला गेला. जाताना मी इचारलं, आता मी काय करू? म्हने, बाई, मी तर तवाच सांगितलं होतं. रागानं नाई म्हनला. रागानं म्हनला असता तर बरं वाटलं असतं.

लटारूही गेला. म्हने चांद्याहून गोळ्या आनतो. सदरे सगळे बांधून घेऊन गेला. गोळ्या आनाले कोनी सदरे नेते का.

खड्डा उकरला. हातभर, दोन हात, कंबरभर. काहीच नाई. एक तुकडा नाई. माती गरम हाये, अंगासारखी.

२२ फेब्रुवारी

मनी आज उठली. अंग गरम. भाकरी मागितली, चार खाल्ल्या. आवाज खनखनीत. मले वाटलं देव पावला.

मंग तिच्या गळ्याकडं पाह्यलं. सुपारीएवढं.

बाया आज कमी दिसल्या.

२४ फेब्रुवारी

आवळ्याएवढं. सीताफळाएवढं. सकाळी वेगळं, दुपारी वेगळं. टाके तानले गेले हायेत पन उसवत नाई. मनी हासते. मनी गोंडीत बोलते — मनीले गोंडी येत नाई. मंग तेलगूत. मंग लेकरासारखी रडते, मंग बुडीसारखी खोकते. एकाच तोंडातून.

त्यायले जिता गळा पायजे होता. या घरात बांधलेला एकच जिता गळा हाये.

एकही बाई बाहेर दिसत नाई आता.

२५ फेब्रुवारी

लोट्याएवढा. मनीचं तोंड वर उचललं गेलं, मान वाकत नाई. श्वास शिटीसारखा. म्हनलं, सोडा माझ्या पोरीले. त्यानं नाई मारलं का तुमाले, मी मारून देल्लं त्याले, आनखी काय पायजे. तिनं माझ्याकडं पाह्यलं. माय नाई म्हनली. शकुबाई म्हनली. म्हने, आमाले घरी जायचं होतं. बांधलं कोनं?

कोनाचा आवाज होता तो — सगळ्यायचा

२६ फेब्रुवारी

सब्बल डाक्तरच्या खोलीच्या उंबरठ्यावर घातली. साग हाये, निघत नाई. कुऱ्हाड मारली तर मनी किंचाळली. घाव तिच्या अंगावर उठला —

कुऱ्हाड फेकून देल्ली.

एकच काम मले येते. आडलेलं सोडवाचं. इतके वर्सं तेच केलं. आडव्या, पायाळू, गुदमरलेल्या, सगळ्या सोडवल्या. पानी तापवून राह्यली. हाताले तेल लावते. तोंडातून एक एक ओढून काढीन अन् ज्या त्या गावी नेऊन पुरीन. पायी जाईन. मनीले जगवीन.

२७ फेब्रुवारी, सकाळ

मनी जबडा उघडून बसली. इतका उघडते का मानसाचा —

पाची बोटं जुळवले. अंगठा आत. मनगट वाकवलं. हात सोडला. कोपरापर्यंत गेला. गळा एवढा खोल नसते.

आत हाताले हात लागला.

तोही जुळलेला. दाईचाच. त्यानं माझे बोटं चाचपले. मनगट चाचपलं. मी बाळाचं डोकं कुठी हाये पाह्यते तसं हळू — सवयीच्या हातानं — मी हात ओढून घेतला. तेल नाई राह्यलं हातावर. स्पिरीट.

आता समजलं. सोडवाले मी नाई बसली. त्या बसल्या हायेत. आडलेली मीच

मनी सरकत सरकत जवळ येऊन राह्यली. दार लागलं. मनी, पोरी, मी हाये, तुझी मा—

ती म्हनते, भिऊ नको बाई. जोर नको लावू. आमी आत ओढतो. डोकं आधी येऊ